मुंबई ते टोरांटो, एकवीस तास

एप्रिलचा शेवटचा रविवार, सकाळी अकराची वेळ. रक्कम एक लाख अठरा हजार चारशे, जाऊन-येऊन. हजर माणसं तीन: मी, माझी बायको आणि जुन्नरच्या एसटी स्टँडसमोर विमानाची तिकिटं काढून देणारा दुकानदार. पैसे मी चेकनं दिले आणि पावती मागून घेतली.

मुलगी टोरांटोला असते. तिचं पहिलं बाळंतपण जूनच्या मध्यावर होतं. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पण तिला शेवटच्या महिन्यांत विमानात बसायची परवानगी नव्हती. तेव्हा माहेरानं तिकडं जायचं ठरलं. माहेर म्हणजे माझी बायको. मी गावच्या पतसंस्थेत हिशेबनीस आहे आणि जूनमध्ये आमचं ऑडिट असतं, म्हणून ती एकटीच जाणार होती. तिनं त्याआधी विमान फक्त आकाशात पाहिलेलं.

दुकानदारानं संगणकावर तीन पर्याय दाखवले. एकवीस तासांचा, सव्वीस तासांचा आणि एकतीस तासांचा. सव्वीसवाला उलट दोन हजारांनी स्वस्त होता. तरी मी एकवीसच्या तिकिटावर बोट ठेवलं. पैशाचा मोह मला फारसा नाही. कमी वेळात, नीट बसवलेल्या हिशेबाचा आहे. मुंबई ते फ्रँकफर्ट आठ तास पंचावन्न मिनिटं, तिथं तीन तास पस्तीस मिनिटं थांबायचं, तिथून टोरांटो साडेआठ तास. बेरीज बरोबर एकवीस. मुंबई ते टोरांटो सरळ रेघेत साडेबारा हजार किलोमीटरला थोडं कमी पडतं, आणि जर्मनीवरून गेलं तर जेमतेम चारशे-सव्वाचारशे जास्त. एवढ्या लांबच्या वाटेत एवढाच वळसा, याचं मला इतकं कौतुक वाटलं की पुढचा महिनाभर मी ते गावात सांगत फिरलो.

डेअरीवर दूध घालायला आलेल्यांपुढं तर रोजच. एकानं विचारलं, "भाऊ, म्हंजी आळेफाट्यावरून नाशिकला यष्टी जाती तेवढ्या येळात ह्या वहिनी कुठवर?"

"इराणच्या मध्यावर," मी म्हणालो.

"आन यष्टी सिन्नरलाच बंद पडली तर?"

"तर तू सिन्नरला आणि ती इराणच्या मध्यावर."

सगळे हसले. मला बरं वाटलं.

बायकोनं तारीख पाहिली ती घरी आल्यावर, भिंतीवरच्या कॅलेंडरात. म्हणाली, "अहो, त्या दिशी चतुर्थी हाये."

तिचं माहेर डिंभ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. लग्नानंतर नऊ वर्षं आम्हाला मूल नव्हतं. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. मग तिनं ओझरच्या गणपतीपुढं संकष्टी धरली आणि वर्षभरात ही मुलगी झाली. त्यानंतर तिनं एक संकष्टी चुकवलेली नाही. दिवसभर फराळावर राहायचं, रात्री चंद्र पाहून, नैवेद्य दाखवून जेवायचं. शेजारणी ढग असले की घड्याळ बघून जेवतात; ही ढग असले तरी अंगणात जाऊन उभी राहते आणि मगच ताटावर बसते. ज्या मुलीसाठी उपास धरला तिच्याच बाळंतपणाला जाताना तो मोडावा, हे तिच्या मनात येणं शक्य नव्हतं. हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशीचं सव्वीस तासांचं तिकीट बदलून घेता आलं असतं. मी म्हणालो, "विमानात चतुर्थी काय आणि पंचमी काय. एकवीस तासांचा तर प्रश्न."

"एकवीसच ना? मग व्हईल. हितं उपासाला दिसभर खुरपतेच की मी."

निघायच्या आठवड्यात तिनं आणखी एक विचारलं. हा प्रश्न मी अजून शब्दाशब्दानं आठवू शकतो. "चंद्र आपल्या कॅलेंडरचा धरू का? हितं उगवला का मी तिकडं जेवते. देव काय दोन न्हाईत."

मी कॅलेंडरचं पान उलटून तिला गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा दाखवल्या. मुंबईची वेगळी, नागपूरची वेगळी. म्हटलं, "नागपूरचं माणूस मुंबईचा चंद्र धरतं का? नाही. मग टोरांटोत बसून जुन्नरचा कसा धरायचा? जिथं असशील तिथला धरायचा. नियम म्हणजे नियम."

"मग तिथला कवा उगवंल?"

टोरांटो काही कॅलेंडरात नव्हतं. मी मनाशी विचार केला की चंद्र ज्या त्या गावाच्या घड्याळानं साधारण एकाच सुमाराला उगवत असणार. आपल्याकडं रात्री दहा वाजून आठ मिनिटं, तर तिकडंही तेच. तसं तिला सांगितलं. मोबाइलवर एका बोटानं पाहता आलं असतं. पाहिलं नाही, कारण हा हिशेब मला येतो असं मी धरून चाललो होतो.

आणि एक बेरीज मी केलीच नाही. घड्याळ तिकडं साडेनऊ तास मागं आहे, हे मी डेअरीवर वीस जणांना समजावून सांगितलं होतं. म्हणजे तिची चतुर्थी साडेनऊ तासांनी लांबणार होती. विमानाचे तास मी मिनिटापर्यंत मोजले, पण तिच्या उपाशी पोटाचे तास मोजायचे माझ्या डोक्यात आले नाहीत. तिला साखरेचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी असते.

राजगिऱ्याचे लाडू तिनं डबाभर केले होते. बॅग भरताना मी डबा उघडला. तिकडं खाण्याच्या वस्तू नेल्या तर विचारपूस होते, दंडही होतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. राजगिऱ्याच्या लाडवाला तो नियम लागतो की नाही, हे वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. उतरताना हातात काही शिल्लक नको म्हणून चार लाडू मोजून ठेवले आणि बाकीचे बाहेर काढले. एकवीस तासांना चार. दर पाच तासांना एक, वर एक तास. तिला हे समजावून सांगितलं तेव्हा ती हसली. "बरं झालं," म्हणाली, "तुमी मला गाईच्या पेंडीसारखं तोलून घालताय."

मंगळवारी दुपारी निघालो. माळशेज उतरून संध्याकाळी मुंबईत. विमानतळाबाहेर आठ वाजता तिनं भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. मी शेवटच्या सूचना दिल्या: गोळी चुकवायची नाही, घड्याळ लावून घ्यायची; आणि चंद्र दहा-आठला. ती आत गेली. काचेपलीकडं तिची पाठ दिसत होती, लुगड्यावर मुलीनं पाठवलेला कोट. मला अभिमान वाटत होता. तिचा कमी आणि माझ्या आखणीचा जास्त.

बुधवारी सगळं वेळेवर झालं. फ्रँकफर्टला विमान चार मिनिटं आधी उतरलं. टोरांटोला उतरल्याचा जावयाचा निरोप आला तेव्हा आमच्याकडं रात्रीचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. संकष्टी मीही करतो, तिच्या सोबतीनं. तीन मिनिटांनी गच्चीवर गेलो, चंद्र पाहिला, खाली येऊन भावजयीनं वाढलेलं वरण-भात, बटाट्याची भाजी आणि दोन मोदक खाल्ले. पोटभर जेवलो. एकवीस तासांचा हिशेब मिनिटाला जुळला म्हणून मोदक जास्तच गोड लागले. तिकडं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते आणि तिचे लाडू समुद्रावरच संपले होते.

पहाटे पाचला उठलो तर मुलीचा निरोप येऊन पडलेला. "अण्णा, आई जेवत नाही. मी वरण-भात केलाय, समोर ठेवून बसलीये. म्हणते इथला चंद्र यायचाय. तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकेल."

हा निरोप मी दोनदा वाचला. तिकडं संध्याकाळचे साडेसात झाले होते. मी उत्तर लिहिलं: "हिशेब बरोबर आहे. अजून दोन तास अडतीस मिनिटं."

जेव, असं लिहायला दोन अक्षरं लागली असती.

सव्वानऊला जावयाचा फोन आला. जावई शांत मुलगा. शांतपणेच म्हणाला, "मामा, घाबरू नका. मामींना चक्कर आली. दवाखान्यात आणलंय. शुगर खूप खाली गेलीये."

"जेवली नाही का?"

"दहाला आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो चंद्र बघायला. नव्हता. मग हिनं फोनवर बघितलं, तर इथं आज बाराच्या सुमाराला उगवणार होता. उन्हाळ्यात इकडं उशिरा येतो. मामी म्हणाल्या, एवढं थांबले, आणखी थांबते. गोळीची वेळ झाली म्हणून तेवढी गोळी घेतली. आणि अकराला लिफ्टपाशी पडल्या."

मी विचारलं, "मुलगी कुठंय?"

"ती पण इथंच आहे, मामा. ॲम्ब्युलन्सच्या मागं आली आमच्या. इथं आल्यावर तिला कळा सुरू झाल्या. तिला वर घेतलंय. मी खाली-वर करतोय."

नंतर मी बेरीज केली. मुंबईतल्या भाकरीपासून लिफ्टपर्यंत साडेछत्तीस तास. त्यात चार लाडू, बिनसाखरेचा चहा आणि तीन गोळ्या. एकवीस तास हा आकडा खरा होता. बाकीचे साडेपंधरा मी कुठंच मांडले नव्हते.

मुलगी चौदा तास अडली. पहिलटकरीण, परक्या मुलखात, हात धरायला आई नाही. नवरा अर्धा वेळ तिच्यापाशी, अर्धा वेळ सासूपाशी, कारण सासूला नर्सचं बोलणं कळत नव्हतं आणि नर्सला तिचं. माझी बायको या एका कामासाठी तेरा हजार किलोमीटर गेली होती, आणि ते काम झालं तेव्हा ती दोन मजले खाली सलाइन लावून झोपलेली होती. नात झाली. दोघी सुखरूप. बायकोला तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

तिच्याशी बोलणं झालं ते चौथ्या दिवशी. मी तयारी करून बसलो होतो की ती रागावेल, मग मी असं म्हणेन, तसं म्हणेन. ती म्हणाली, "नात तुमच्यावर गेलीय. कान बघा, नुसते सुपासारखे."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"व्हय, चुकलं." मग म्हणाली, "त्या नर्सबाईला म्या जावयास्नी इचारायला लावलं, सलाइनमधी काय हाये. जावई म्हनले, साखर. म्हनलं, मग मोडला उपास. चंद्र न्हाई, निवद न्हाई, नळीतनं मोडला." हे सांगताना ती हसत होती की नाही, मला फोनवर कळलं नाही. पुढं म्हणाली, "पोरगी मला वरडत व्हती वरून. मला काय ऐकू येणारे का? पन मला आपलं वाटायचं, वरडतीय."

पुढचे काही दिवस मी डेअरीवर गेलो नाही. पुतण्याकडं दूध पाठवलं. बाहेर कुणी विचारलं की म्हणायचो, प्रवासानं थोडा थकवा आला होता. नातीचे पेढे वाटले तेही घरोघर पाठवून दिले. खोटं बोलायची मला सवय नाही, म्हणून ते 'थोडा थकवा' इतकं पुटपुटत बोलायचो की माणसं जास्तच विचारायची.

मग बिलाची गोष्ट निघाली. प्रवासाचा विमा मी काढला होता, पण आधीपासूनच्या आजाराला तो लागू नव्हता. ती अट मीच वाचून, मान्य करून सही केली होती. बायकोच्या दवाखान्याचे आणि ॲम्ब्युलन्सचे पैसे जावयानं भरले होते. आकडा विचारला तर म्हणाला, "राहू द्या ना मामा." दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी मुलीकडून काढला, तोही चौथ्यांदा विचारल्यावर. रुपयांत एक लाख पंधरा हजार नऊशे.

मुलीच्या घरचं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. माझे वडील माझ्या बहिणीच्या सासरी पाणी प्यायचे तर वाटीत काही तरी ठेवून उठायचे. मी तेवढा कर्मठ नाही, तरी लग्नापासून जावयाचा एक रुपया माझ्याकडं आलेला नव्हता. आता माझ्या बायकोच्या आजारपणाचा खर्च त्यानं केला होता, तोही त्याची स्वतःची बायको बाळंतीण असताना, आणि ते आजारपण मी ठरवून दिलं होतं. खात्यावर पाठवले तर त्यानं परत फिरवले. तेव्हा ठेवीतून रक्कम काढली आणि जुलैतल्या एका गुरुवारी आळेफाट्याला व्याह्यांकडं गेलो.

व्याह्यांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज आहे. माणूस मोठ्या आवाजाचा. मला पाहिल्यावर एका ट्रकच्या खालूनच ओरडला, "या पावणं! उगवला का चंद्र?"

गॅरेजमधली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. म्हणजे सगळ्यांना सांगून झालं होतं.

"उगवला," मी म्हणालो.

"न्हाई, म्हनलं इचारून घ्यावं. आमच्या गाड्या नगरला किती वाजता पोचतील, तुमीच सांगत जा राव. डायव्हर उपाशी ठिवतो आमी बी." बाहेर येऊन त्यानं कपड्याला हात पुसले, माझा चेहरा बघितला आणि आवाज खाली आणला. "चला, वर चला. चहा घिऊ."

वर घरात विहीणबाईंनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "आता बऱ्या हायेत ना त्या?" म्हटलं, बरी आहे. "माझ्या मनात लई व्हतं जायचं," त्या म्हणाल्या, "पन म्हनलं, आईचा हक्क पयला. आई असली का पोरीला धीर ऱ्हातो." त्या हे मला लावून बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या सरळ बोलत होत्या. माझ्या हातातला तांब्या मी उगाच फिरवत बसलो.

मी पिशवीतून पाकीट काढून व्याह्यांपुढं ठेवलं आणि कशाचं ते सांगितलं.

"हे न्या परत," ते म्हणाले.

"नाही. माझा खर्च आहे हा."

"तुमचा कसा? आमच्या घरात माणूस पडलं, आमी बघितलं. उद्या मी तुमच्या दारात पडलो तर बिल आळेफाट्याला धाडाल का?"

"तुम्ही माझ्या सांगण्यावरून पडला असाल तर नाही धाडणार."

खाली कोणीतरी हातोड्यानं टायरची कडी ठोकत होतं. मग व्याही म्हणाले, "पावणं, एक इचारू? तुमच्या पोरीनं तुमाला फोन केल्ता ना त्या येळी, आईला जेवायला सांगा म्हणून?"

"निरोप पाठवला होता."

"मग?"

मी काय उत्तर लिहिलं होतं ते सांगितलं. अडतीस मिनिटांसकट सांगितलं. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. गावात नाही, भावाला नाही. बायकोला तर मुलीनंच दाखवलं असणार, पण त्यावर ती एक शब्द बोललेली नाही.

विहीणबाई उठून आत गेल्या. व्याह्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. टोमणा येईल म्हणून मी थांबलो. आला नाही.

"पोरगा मला शिव्या देईल हे घेतलं म्हणून," ते म्हणाले. "पन तुमाला परत न्यायला लावलं तर तुमी पुन्हा याल."

"येईन."

"मग ठिवा. नातीच्या नावानं टाकीन कुठंतरी."

"कुठं टाकायचे ते तुमचं तुम्ही बघा. मी दवाखान्याचे दिलेत."

त्यांनी मान हलवली आणि पाकीट न उघडता फळीवर, पंचांगाशेजारी ठेवलं. मोजून घ्या, असं मी म्हणालो. राहू द्या, ते म्हणाले. मी पुन्हा म्हणालो, तेव्हा त्यांनी चिडून पाकीट उघडलं आणि मोजायला घेतलं. दोनदा आकडा चुकला, तिसऱ्यांदा जुळला. चहा आला तो प्यालो आणि साडेबाराच्या एसटीनं परत आलो.

दिले ते एक लाख पंधरा हजार नऊशे, रोख, जावयाच्या वडिलांना.